वेब डेव्हलपर व्हायचंय? कोल्हापुरातून सुरुवात करताना कामाचा क्रम असा लावा

बीसीए, बीसीएस, डिप्लोमा किंवा बीकॉम करून वेब डेव्हलपमेंटकडे वळलेली बरीच मुलं चौथ्या-पाचव्या महिन्यात अडकतात. व्हिडिओ बघून झालेले असतात, सर्टिफिकेटं जमलेली असतात, लॅपटॉपमध्ये रिॲक्टचे (जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी) अर्धवट प्रोजेक्ट पडून असतात. पण एक साधा चौकशी फॉर्म मोबाईलवर नीट दिसेल असा करून दे म्हटलं की हात थांबतो. हुशारी कमी नसते, क्रम चुकलेला असतो. सहाव्या महिन्यात करायची गोष्ट पहिल्या आठवड्यात केलेली असते, आणि पहिल्या आठवड्यात करायची गोष्ट, म्हणजे स्वतःचं पान इंटरनेटवर चढवणं, शेवटपर्यंत राहून जाते.

म्हणून खाली क्रमावर आणि नेमक्या चुकांवर भर दिला आहे. रोज दोन-तीन तास खंड न पाडता दिले तर आठ-नऊ महिने धरा. नोकरी किंवा दुकान सांभाळून करणाऱ्यांनी वर्ष धरावं. ‘तीन महिन्यांत नोकरीची हमी’ म्हणणाऱ्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरू नका.

## तयारी: पहिली ओळ लिहिण्याआधी

लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आणि एसएसडी असलेला हवा. जुना, वापरलेला चालतो. मात्र साधी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवून घ्या, कारण वेगात सगळ्यात मोठा फरक तिनेच पडतो. ग्राफिक कार्डासाठी जादा पैसे घालू नका, या कामाला ते लागत नाही. घरातला एखादा जुना, स्वस्त अँड्रॉइड फोनही बाजूला ठेवा. तुमची साइट बघणाऱ्यांपैकी कितीतरी लोकांच्या हातात तसाच फोन असतो, त्यामुळे तपासणी त्याच्यावरच करायची आहे. वीज किंवा वायफाय गेलं तर मोबाईलचा हॉटस्पॉट कसा लावायचा हे आधीच बघून ठेवा. पुढे ऑनलाइन मुलाखतीत ते उपयोगी पडतं.

सॉफ्टवेअर तीनच: क्रोम ब्राउझर, कोड लिहायला व्हीएस कोड आणि कोडमधले बदल नोंदवून ठेवायला गिट. तिन्ही फुकट आहेत. बसवून झाल्यावर ही तीन कामं लगेच करा:

- विंडोजमध्ये फाइलचं एक्स्टेन्शन दिसेल अशी सेटिंग चालू करा. नाहीतर एचटीएमएल म्हणून सेव्ह केलेली फाइल प्रत्यक्षात टेक्स्ट फाइल निघते आणि तासभर वाया जातो.
- कामाचं फोल्डर वनड्राइव्हच्या बाहेर, थेट ड्राइव्हवर करा. बऱ्याच लॅपटॉपवर डेस्कटॉप आपोआप वनड्राइव्हला जोडलेला असतो, आणि पुढे हजारो छोट्या फाइल असलेले प्रोजेक्ट आले की तो सिंक होत बसतो.
- फोल्डर आणि फाइलची नावं इंग्रजी स्मॉल अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता ठेवा. दोन शब्दांच्या मधे आडवी रेघ द्या. ही सवय का लागते ते पहिल्याच टप्प्यात कळेल.

इंग्रजीबद्दल स्पष्ट सांगतो. बोलायला अडखळलात तरी सध्या चालेल, वाचायला मात्र यायलाच हवं. एमडीएन या वेब तंत्रांच्या संदर्भ-साइटवरची माहिती आणि एरर मेसेज इंग्रजीतच असतात. रोज एमडीएनचं एक पान शब्द अडला तरी शेवटपर्यंत वाचा. महिन्याभरात ठरावीक शब्द पुन्हापुन्हा येतात हे लक्षात येतं आणि भीती जाते.

सावधान, क्लासबद्दल: राजारामपुरीत किंवा अन्यत्र क्लास लावणार असाल तर फी भरण्याआधी दोनच गोष्टी मागा. मागच्या बॅचच्या मुलांनी केलेल्या, आज चालू असलेल्या साइटची लिंक, आणि प्रत्यक्ष शिकवणाऱ्याबरोबर एक तास बसायची परवानगी. दोन्हींना टाळाटाळ झाली तर उठा. फीसाठी कर्जाचा हप्ता सुरू करून घेण्याचा आग्रह होत असेल तर कागद घरी आणून थोरल्यांना दाखवल्याशिवाय सही करू नका. फ्रीकोडकॅम्पसारख्या ठिकाणी हाच अभ्यासक्रम फुकट मिळतो. क्लासमधून विकत घ्यायची गोष्ट म्हणजे चूक दाखवणारा माणूस, आणि तो नसेल तर क्लासचा उपयोग नाही.

## टप्पा १: एचटीएमएल, आणि पहिल्याच आठवड्यात पान लाइव्ह

एचटीएमएलला, म्हणजे पानाचा सांगाडा लिहायच्या भाषेला, दोन आठवडे पुरतात. मथळे, परिच्छेद, याद्या, लिंक, फोटो, तक्ता, फॉर्म. मथळ्याचा टॅग अक्षरं मोठी दिसावीत म्हणून वापरायचा नसतो, पानाची रचना सांगायला वापरायचा असतो. फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याला लेबल, प्रत्येक फोटोला पर्यायी मजकूर. हे दोन सुटले तर डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाला ते पान वापरता येत नाही.

मराठी पानासाठी वर तीन गोष्टी हव्यातच: यूटीएफ-८ कॅरेक्टर सेट (मराठी अक्षरं नीट दिसण्यासाठी), भाषा मराठी असल्याची नोंद आणि व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग. व्ह्यूपोर्ट विसरलात तर मोबाईल ते पान साधारण ९८० पिक्सेल रुंदीचं समजून आक्रसून दाखवतो आणि अक्षरं मुंगीएवढी होतात.

आता महत्त्वाचं. पान कितीही कच्चं असलं तरी पहिल्याच आठवड्यात ते गिटहबवर (कोड ठेवायची ऑनलाइन जागा) टाका आणि त्याच्याच गिटहब पेजेस या होस्टिंगवरून लाइव्ह करा. खर्च शून्य. गिटच्या चारच आज्ञा सुरुवातीला लागतात: क्लोन, ॲड, कमिट, पुश. ब्रँच वगैरे पुढे बघू. रोजचं काम संपलं की एक कमिट, आणि त्याच्या संदेशात काय बदललं ते एका ओळीत. ‘अपडेट’, ‘फायनल’, ‘फायनल२’ असले संदेश लिहू नका. पुढे मुलाखत घेणारा तेच उघडून बघतो.

लाइव्ह केल्यावर जवळपास प्रत्येकाचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. लॅपटॉपवर दिसणारा फोटो लाइव्ह साइटवर दिसत नाही. मुलं पुन्हा अपलोड करतात, ब्राउझर बदलतात, शेवटी होस्टिंगला दोष देतात. कारण साधं असतं. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलच्या नावात जेपीजी हे कॅपिटल अक्षरांत असतं आणि कोडमध्ये तुम्ही स्मॉल लिहिलेलं असतं. विंडोजला दोन्ही नावं सारखीच वाटतात. सर्व्हरला ती दोन वेगळ्या फाइलची नावं वाटतात. दुसरं कारण असतं पत्ता. फोटोचा पत्ता तिरक्या रेघेने सुरू केला तर ब्राउझर साइटच्या मुळापासून शोधू लागतो, आणि गिटहब पेजेसवर तुमचा प्रोजेक्ट मुळाशी नसून आतल्या फोल्डरमध्ये असतो. मुख्य फाइलचं नाव इंडेक्सच हवं, तेही स्मॉल अक्षरांत.

तपासा: लाइव्ह लिंक व्हॉट्सॲपवर घरच्या कुणाला पाठवा आणि त्यांच्या फोनवर उघडून बघा. लिंकमध्ये ‘लोकलहोस्ट’ किंवा तुमच्या ड्राइव्हचं नाव दिसत असेल तर ते पान अजून तुमच्या लॅपटॉपमध्येच आहे.

## टप्पा २: सीएसएस, आधी मोबाईल

सीएसएस म्हणजे पानाचं रंगरूप आणि मांडणी. पाच-सहा आठवडे. बॉक्स मॉडेल, फ्लेक्सबॉक्स, ग्रिड, मीडिया क्वेरी, या क्रमाने. बूटस्ट्रॅप किंवा टेलविंड हे सीएसएसचे तयार संच आत्ता उघडू नका. त्यांनी काम झटपट होतं हे खरं; पण एखादा डबा का सरकला हे कळत नसताना त्यांची तयार क्लासनावं कोडमध्ये लावत बसलं की चूक कुठे आहे तेच सापडत नाही.

डिझाइन ३६० पिक्सेल रुंदीपासून सुरू करा आणि मग मोठ्या पडद्याकडे जा. उलटं केलं तर शेवटी मोबाईलसाठी ठिगळं लावत बसावं लागतं. क्रोममध्ये एफ१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडा, त्यात मोबाईलचं चिन्ह आहे. ते कायम चालू ठेवून काम करा.

देवनागरीसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते आणि इंग्रजी व्हिडिओंत ती कुणी सांगत नाही. अक्षरांतली जागा वाढवायची प्रॉपर्टी मराठी मथळ्याला लावली की शिरोरेषा तुटते. शब्द सुट्या अक्षरांचा दिसू लागतो. ती मराठीला लावूच नका. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या सवयीने १.२ ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात, १.६ च्या आसपास ठेवा. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, आणि त्याची दोनच वजनं मागवा, साधं आणि ठळक. सगळी मागवली तर फोनवर पान उघडायला वेळ लागतो.

फोटोंचंही तसंच. फोनने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो तसाच चढवू नका. स्क्वूश हे फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं. त्यात रुंदी कमी करून वेबपी प्रकारात सेव्ह केला की फोटो बहुतेक वेळा २०० केबीच्या आत बसतो आणि डोळ्याला फरक जाणवत नाही.

तपासा: त्या जुन्या अँड्रॉइडवर, वायफाय बंद करून, पान उघडा. डावी-उजवीकडे सरकतंय का? बटण अंगठ्याने पहिल्या प्रयत्नात दाबलं जातं का? मगच क्रोममधलं लाइटहाउस हे पान तपासून गुण देणारं साधन चालवा. त्याचे गुण बघा, पण फोनवर जे दिसलं त्याला जास्त मान द्या.

## टप्पा ३: जावास्क्रिप्ट, इथे घाई नको

जावास्क्रिप्ट म्हणजे पानाला प्रतिसाद द्यायला लावणारी भाषा. सगळ्यात जास्त वेळ इथे जायला हवा, आणि सगळ्यात जास्त मुलं इथूनच पळ काढून रिॲक्टकडे जातात. किमान तीन महिने द्या. व्हेरिएबल, फंक्शन, ॲरे, ऑब्जेक्ट; मग पानावरचा घटक पकडून त्यात बदल करणं; मग इव्हेंट; मग फेच (सर्व्हरवरून माहिती आणणं) आणि असिंक्रोनस काम (उत्तर येईपर्यंत बाकीचं न थांबवता चालणारं). शेवटचे दोन विषय पहिल्या वाचनात कळत नाहीत. ते सगळ्यांचंच होतं, त्यावरून स्वतःला कमी लेखू नका.

व्हिडिओ बघून तसाच कोड टाइप केला की शिकल्यासारखं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी कोरी फाइल उघडली की काहीच आठवत नाही. म्हणून एक पद्धत पाळा. व्हिडिओ बघा, बंद करा, तीच गोष्ट वेगळ्या विषयावर न बघता करा. त्यांनी टू-डू लिस्ट केली असेल तर तुम्ही गुळाच्या ऑर्डरचं पान करा.

तेच उदाहरण जरा जवळून बघू. शाहूपुरीतल्या व्यापाऱ्यासाठी पान आहे. एका रकान्यात लहान रव्यांचे (गुळाच्या ढेपांचे) किलो, दुसऱ्यात मोठ्या रव्यांचे किलो, खाली एकूण वजन. गिऱ्हाईक इंग्रजी आकड्यांत ५ आणि १० टाकतं, आणि पडद्यावर येतं ५१० किलो. कारण रकान्यातून येणारी किंमत जावास्क्रिप्टसाठी आकडा नसते, मजकूर असते. आणि दोन मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह दिलं की ते एकमेकांना चिकटतात. आधी त्यांचं आकड्यात रूपांतर करायचं, मग बेरीज.

ते केलंत आणि आता १५ येतंय. तरी काम संपलं नाही. गिऱ्हाइकाच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे आणि त्याने देवनागरी १० टाइप केले. जावास्क्रिप्टचं नेहमीचं रूपांतर देवनागरी आकडे ओळखत नाही. उत्तर येतं ‘नॉट अ नंबर’. म्हणजे रूपांतराआधी शून्य ते नऊ हे दहाही देवनागरी आकडे त्यांच्या इंग्रजी जोडीदारांत बदलणारं एक छोटं फंक्शन लिहावं लागतं. दाखवताना उलटी सोय आहे. आकडा दाखवण्याच्या फंक्शनला भारतातलं मराठी सांगितलं की देवनागरी आकडे येतात, भारतातलं इंग्रजी सांगितलं की लाख-हजारांप्रमाणे स्वल्पविराम पडतात. मग रिकामा रकाना, उणे आकडा, ‘दहा’ असा अक्षरी लिहिलेला शब्द, या तिन्हींसाठी मराठीत नीट सूचना द्या. एवढं छोटं पान सगळ्या बाजूंनी पक्कं केलंत तर दहा नकललेल्या प्रोजेक्टांपेक्षा जास्त शिकाल, आणि मुलाखतीत सांगायलाही काहीतरी खरं असेल.

लाल एरर आली की लगेच कॉपी करून एआयला देऊ नका. आधी ती पूर्ण वाचा. फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक त्यातच असतो. त्या ओळीच्या वर किंमत डेव्हलपर टूल्समधल्या कन्सोलवर छापून बघा. दहा-पंधरा मिनिटं स्वतः शोधा, मग मदत घ्या.

सावधान, एआयबद्दल: चॅटजीपीटी, कोपायलट वापरायला हरकत नाही, नोकरीतही वापरावे लागतील. नियम एकच ठेवा, जी ओळ तोंडी समजावून सांगता येत नाही ती तुमच्या फाइलमध्ये जाणार नाही. मुलाखतीत “याच्यात जरा बदल करून दाखवा” एवढंच सांगतात, आणि उसना कोड तिथे उघडा पडतो.

तपासा: कोरी फाइल, इंटरनेट बंद. एका ॲरेतल्या वस्तूंची यादी पानावर दाखवा, शोधायचा रकाना द्या, टाइप करताना यादी गाळली जाऊ द्या. जमलं तर पुढे जा. नाही जमलं तर अजून दोन आठवडे इथेच थांबा.

## टप्पा ४: गावातलं एक खरं काम

हा टप्पा बहुतेक जण वगळतात. माझ्या मते नोकरी मिळणं-न मिळणं यावरच सगळ्यात जास्त अवलंबून आहे. कोल्हापुरात राहण्याचा फायदाही इथेच आहे. ओळखीपाळखीतून दुकानदाराच्या समोर जाऊन बसता येतं, ही सोय मोठ्या शहरात नव्याने गेलेल्या मुलाला नसते.

नात्यातलं किंवा शेजारचं एक दुकान निवडा आणि पहिली भेट लॅपटॉप न उघडता करा. वही घेऊन जा. साइट कोण बघणार आहे हे आधी ठरवा, कारण त्यावर सगळं ठरतं. चप्पल लाइनीतल्या दुकानाचं गिऱ्हाईक फोनवर असतं, बऱ्याचदा महालक्ष्मीच्या दर्शनाला आलेलं असतं. त्याला कापशी (कोल्हापुरी चपलेचा प्रकार) कशी दिसते, नंबर कोणते आहेत, दुकान कितीला उघडतं आणि मंदिरापासून कसं यायचं एवढंच हवं. उद्यमनगरातल्या किंवा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीची साइट बघणारा माणूस दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसलेला खरेदी अधिकारी असतो. त्याला मशिनांची यादी, किती किलोपर्यंतचं कास्टिंग निघतं, कोणत्या ग्रेडचं मटेरियल, गुणवत्तेची प्रमाणपत्रं आणि चौकशीचा ईमेल हवा, तोही इंग्रजीत. फाउंड्रीच्या पानावर सरकत्या फोटोंची पट्टी लावून उपयोग नाही, आणि चप्पलच्या दुकानाला ‘आमचं ध्येय’ नावाचं पान लागत नाही.

हुपरीच्या चांदीच्या कारागिराची साइट करत असाल तर भाव कोडमध्ये लिहू नका. चांदीचा भाव रोज हलतो. ‘आजच्या भावासाठी फोन करा’ आणि खाली दाबता येईल असा नंबर, हे प्रामाणिकही आहे आणि टिकाऊही.

मजकूर मागितला की मालक म्हणतील, “अरे, ब्रोशर छापलंय की! डीटीपीवाल्याकडून फाइल घे.” फाइल मिळेल, आणि ती साइटवर पेस्ट केली की कचरा दिसेल. जुन्या डीटीपी फाइल बऱ्याचदा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. त्यात मराठी दिसते फक्त त्या फॉन्टमुळे. आतली अक्षरं भलतीच असतात. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार बिघडतात. मजकूर थोडा असेल तर सरळ हाताने पुन्हा टाइप करा आणि मालकांकडून वाचून घ्या. दुकानाचं नाव चुकीचं छापलेली साइट कुणी दुसऱ्यांदा उघडत नाही.

फोटो गुगलवरून उचलू नका. सकाळच्या उजेडात, पांढऱ्या चादरीवर स्वतः काढा. कोल्हापुरी चप्पलला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; पण त्याचं चिन्ह साइटवर लावण्याआधी मालकांची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी आहे का ते विचारा. नसेल तर लावू नका.

व्हॉट्सॲपची लिंक देताना नंबर ९१ पासून सुरू करा. अधिकचं चिन्ह, शून्य, मोकळी जागा काही नको. चौकशी फॉर्म लावणार असाल तर लक्षात ठेवा, साधं स्थिर पान स्वतः मेल पाठवू शकत नाही. त्याला मागे एखादी फॉर्म सेवा किंवा सर्व्हर लागतो. फॉर्म भरला, पडद्यावर ‘धन्यवाद’ आलं आणि मालकांपर्यंत काहीच पोहोचलं नाही, ही चूक महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

पैशाचं बोलणं लाजत करू नका. पहिलं काम कमी पैशांत करा, फुकट शक्यतो नको; फुकटच्या कामाला मजकूर आणि फोटो वेळेवर मिळत नाहीत. सुरू करण्याआधी एका कागदावर लिहा: किती पानं, फोटो कोण देणार, बदलांच्या किती फेऱ्या, निम्मी रक्कम आधी, आणि डोमेनचा वर्षाचा खर्च कुणाचा. पहिल्या वर्षी स्वस्त मिळालेलं डोमेन दुसऱ्या वर्षी महाग पडू शकतं, हे मालकांना आत्ताच सांगा.

सावधान: डोमेन मालकांच्या नावावर, मालकांच्या ईमेलवरून, मालकांच्या मोबाईल नंबरवर घ्या. स्वतःच्या खात्यात घेऊ नका. उद्या तुम्ही पुण्याला गेलात, नंबर बदलला, नूतनीकरण राहिलं, तर त्यांच्या दुकानाचं नाव दुसराच कुणी घेऊन बसतो.

तपासा: काम देताना मालकांच्या शेजारी बसा. त्यांच्याच फोनवरून फॉर्म भरा, मेल आलेला दाखवा, नंबर दाबून फोन लावून बघा. सगळी खाती आणि लॉगिन कागदावर लिहून द्या.

## टप्पा ५: आता एकच वाट धरा

इथपर्यंत आल्यावर रिॲक्टला हात घाला, आधी नाही. किंवा सर्व्हरच्या बाजूच्या कामासाठी पीएचपी आणि लाराव्हेल, किंवा नोड, किंवा पायथन आणि जँगो. काय निवडायचं हे मित्राला विचारू नका. नोकरीच्या साइटवर कोल्हापूर, सांगली, पुणे आणि घरून काम अशा चार ठिकाणच्या नवशिक्यांसाठीच्या ३०-४० जाहिराती वाचा, आणि वहीत प्रत्येक तंत्रापुढे एकेक रेघ ओढा. रेघा मोजल्या की वाट दिसते. घर सोडायचं नसेल तर कोल्हापूरच्या रकान्याला जास्त वजन द्या.

कोणतीही वाट धरा, एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिकाच. चार तक्ते जोडून माहिती काढता येणारा नवशिका कमी सापडतो.

एपीआयची (दुसऱ्या सेवेशी जोडणीची) गुप्त किल्ली किंवा पासवर्ड कोडमध्ये लिहून गिटहबवर टाकू नका. वेगळ्या एन्व्ह फाइलमध्ये ठेवा आणि ती गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलची यादी) घाला. नोड मॉड्यूल्सचं (उतरवून घेतलेल्या लायब्रऱ्यांचं) फोल्डरही तिथेच. चुकून किल्ली गेलीच, तर पुढच्या कमिटमध्ये पुसून भागत नाही. ती जुन्या इतिहासात तशीच राहते. किल्ली रद्द करून नवी घ्या.

## टप्पा ६: पोर्टफोलिओ आणि अर्ज

तीन कामं पुरेत. दुकानाची साइट, गुळाच्या ऑर्डरसारखं एक पक्कं पान, आणि निवडलेल्या वाटेवरचा डेटाबेस असलेला एक प्रोजेक्ट. प्रत्येकाबरोबर लाइव्ह लिंक, कोडची लिंक, आणि काय अडलं व कसं सोडवलं हे पाच-सहा ओळींत. नेटफ्लिक्सची नक्कल आणि हवामानाचं ॲप टाकू नका. ती प्रत्येकाकडे असतात.

रिझ्युमे एका पानाचा, पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव. ‘उद्दिष्ट’ हा परिच्छेद काढा. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, जन्मतारीख काढा. ‘जावास्क्रिप्ट ८० टक्के’ अशा पट्ट्या काढा, त्यांना काही अर्थ नसतो. जे येत नाही ते लिहू नका, कारण विचारणार नेमकं तेच.

अर्ज करताना आधी कोल्हापुरातल्या लहान कंपन्या. त्यांची साइट उघडा, त्यांनी केलेली कामं बघा, आणि मेलमध्ये त्यातल्या एका कामाबद्दल एक नेमकं वाक्य लिहा. दिवसाला पन्नास ठिकाणी एकच मजकूर टाकण्यापेक्षा असे पाच मेल बरे. लहान कंपनीत पहिल्याच वर्षी डिझाइनपासून सर्व्हरपर्यंत सगळ्याला हात लागतो. सहा महिने-वर्षभर तिथे काढून पुण्याकडे बघितलंत तर बोलण्यात वजन असतं.

तपासा: अर्ज पाठवायच्या आदल्या दिवशी रिझ्युमेतली प्रत्येक लिंक इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. कोडची रिपॉझिटरी (कोडचं गिटहबवरचं फोल्डर) प्रायव्हेट राहिलेली असते, पण तुम्हाला ती उघडत असल्यामुळे ते लक्षात येत नाही.

## टप्पा ७: मुलाखत आणि ऑफर

आपल्या एका कामाबद्दल इंग्रजीत दोन मिनिटं बोलायची तयारी करा. पाठ करू नका. फोनवर रेकॉर्ड करा, ऐका, पुन्हा बोला. कुणासाठी केलं, काय अडलं, काय बदललं. उत्तर येत नसेल तर “हे मला माहीत नाही, पण मी इथून शोधायला सुरुवात करेन” म्हणा आणि खरंच कुठून ते सांगा. ऑनलाइन असेल तर स्क्रीन शेअर करण्याआधी सूचना बंद करा आणि व्हीएस कोडची अक्षरं मोठी करा.

घरी करायला दिलेलं काम एका-दोन दिवसांचं असेल तर करा. पूर्ण चालू साइट, लोगोसकट, बिनपैशाची मागत असतील तर नम्रपणे विचारा की यातला कोणता भाग तपासायचा आहे, तेवढाच करून देतो.

ऑफर आली की आनंदात सही करू नका, रात्रभर ठेवा. हातात येणारा पगार आणि कागदावरचा पगार वेगळे असतात; दरमहा खात्यात किती जमा होणार हे लेखी विचारा. नोटीस पीरियड किती महिन्यांचा आहे ते बघा. बाँड असेल तर किती वर्षांचा आणि मोडला तर किती रक्कम, हे घरी वाचून दाखवा. मूळ मार्कशीट आणि दाखले ठेवून घ्यायचं म्हणत असतील तर देऊ नका, पडताळणीसाठी दाखवून परत आणा. नोकरीसाठी, ट्रेनिंगसाठी, लॅपटॉपसाठी डिपॉझिट म्हणून पैसे मागणारी ऑफर साध्या जीमेलवरून आली असेल तर तो सरळ फसवणुकीचा प्रकार समजा. एक रुपयाही पाठवू नका आणि पाठवला असेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.